मानेपासून करंगळीपर्यंत : प्रस्तावना

माझ्या धाकट्या भावाच्या हातावर खिडकीची काच फुटून पडली, त्याला आता बरीच वर्षे झाली. कोपर आणि मनगट यांच्या मधोमध खोल जखम झाली आणि करंगळीकडे जाणारी नस तुटली. शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी नसेची दोन्ही टोके जुळवून शिवली. टाके निघाले, जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचे अर्धे बोट बधिरच राहिले. पुढे दर महिन्याला तपासणी असे. डॉक्टर जखमेपासून खाली, करंगळीच्या दिशेने, आपल्या बोटाच्या टोकाने हलके ठोकत जायचे. एका ठिकाणी भाऊ दचकून म्हणायचा, "इथे! करंगळीत झिणझिण्या आल्या." डॉक्टर तिथे बॉलपेनने ठिपका काढायचे. घरी आल्यावर आई मोजपट्टी घेऊन बसायची आणि जखमेपासून त्या ठिपक्यापर्यंतचे अंतर कॅलेंडरवर लिहून ठेवायची. दर महिन्याला ठिपका जेमतेम एक इंच पुढे सरकलेला असे.

मी तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होते. नसांबद्दल मला सगळे कळते अशी आईची समजूत होती. एकदा कॅलेंडरपुढे उभी राहून तिने विचारले, "यातून वीजच जाते ना गं? मग तार जोडल्यावर दिवा लगेच का लागत नाही?"

मला उत्तर देता आले नाही. नसेतून आवेग सेकंदाला पन्नास मीटर आणि त्याहूनही वेगाने धावतो, हे मी पाठ केले होते. तीच नस दिवसाला मिलिमीटरभरच का सरकते, हे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही स्वतःला विचारले नव्हते. पुढची अनेक वर्षे मी शरीरक्रियाशास्त्र शिकवले. हे पुस्तक म्हणजे आईच्या त्या प्रश्नाला दिलेले, फार उशिराचे उत्तर आहे.

उत्तराचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. तार एकदा ओढली की तशीच राहते. चेतापेशीचा धागा मात्र रोज पोसावा लागतो. या धाग्याला आपण अक्षतंतू म्हणतो. तो जिथून निघतो त्या पेशीकायेत केंद्रक असते आणि बहुतेक सारी प्रथिने तिथेच तयार होतात. अक्षतंतूतही थोडी प्रथिने बनतात, पण ती बनवण्याचा मजकूर आणि सामग्री पेशीकायेकडूनच यावी लागते. 1850 साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापून पाहिल्या. पेशीकायेपासून तुटलेला भाग काही दिवसांत विस्कटून नाहीसा होत गेला, तर पेशीकायेला जोडलेला भाग टिकला. भावाच्या हातातही हेच घडले होते. शिवलेल्या जागेच्या पलीकडचे सारे तंतू मरून गेले होते. टाक्यांनी नसेचे रिकामे आवरण जोडून वाट तेवढी करून दिली होती. त्या वाटेने अक्षतंतूंना नव्याने वाढत जायचे होते, आणि त्यासाठी लागणारा प्रत्येक कण मानेच्या मणक्यांपासून यायचा होता, कारण करंगळीच्या चेतापेशींच्या काया तिथे असतात.

हे अंतर किती मोठे आहे, याची कल्पना आकड्यांनी येत नाही. म्हणून वर्गात मी नेहमी एक हिशेब मांडते. कमरेच्या मणक्यांत बसलेल्या आणि पायाच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशीची काया साधारण 50 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. तिचा अक्षतंतू जवळपास एक मीटर लांब आणि 10 मायक्रोमीटरच्या आसपास जाड. आता ही काया वाढवून दहा मीटरचे घर करा. त्याच मापाने अक्षतंतू दोनशे किलोमीटर लांब होईल आणि त्याची रुंदी होईल दोन मीटर. म्हणजे पुण्यातले एक घर आणि तिथून थेट नाशिकपर्यंत गेलेली दोन मीटरची एकच गल्ली. नाशिकला जे काही लागेल ते बहुतेक सारे याच घरात बनणार, याच गल्लीने जाणार, आणि तिथला टाकाऊ माल याच गल्लीने परत येणार. हे आयुष्यभर, एक दिवसही खंड न पडता.

माल आपोआप पसरत जाऊन पोचेल, असे वाटू शकते. उदबत्तीचा वास खोलीभर होतो, तसे. पण पसरण्याचा नियम निष्ठुर आहे. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. पेशीतल्या मध्यम आकाराच्या प्रथिनाला 10 मायक्रोमीटर पसरायला पाचेक सेकंद लागतात. एक मीटर म्हणजे त्याच्या एक लाखपट अंतर, आणि वेळ एक हजार कोटीपट. हिशेब केला तर सुमारे दीड हजार वर्षे होतात. अजिंठ्याची शेवटच्या काळातली लेणी कोरली जात असताना कमरेतून निघालेले प्रथिन आज कुठे पायाच्या अंगठ्याशी आले असते. तेव्हा माल वाहून नेणारे कोणीतरी हवे, हे गणितच सांगते.

प्रयोगाने ते पहिल्यांदा ठळकपणे दाखवले पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी, 1948 साली. त्यांनी नसेभोवती घट्ट वेढणी घातली. काही आठवड्यांनी वेढणीच्या अलीकडे, म्हणजे पेशीकायेच्या बाजूला, अक्षतंतू फुगलेले दिसले. पलीकडचे बारीक राहिले होते. वेढणी काढल्यावर तुंबलेला ऐवज पुढे सरकू लागला, दिवसाला एक ते दोन मिलिमीटर. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी साचावे तसे हे दृश्य होते. साहजिकच त्यांनी त्याला प्रवाह म्हटले आणि नळीतून घट्ट द्रव सरकतो आहे अशी कल्पना केली.

पुढच्या दोन दशकांत किरणोत्सारी अमिनो आम्ले हाताशी आली आणि चित्र पालटले. सिडनी ऑक्स यांनी मांजराच्या मणक्याजवळच्या चेतापेशींना किरणोत्सारी ल्युसिन दिले. काही तासांनी नस काढून तिचे काही मिलिमीटरचे तुकडे केले आणि प्रत्येकातला किरणोत्सार मोजला. कोणत्या तुकड्यात उंचवटा आहे, हे वेगवेगळ्या वेळी पाहिले की वेग मिळतो. तो निघाला दिवसाला 400 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एकाच गल्लीतून दोन अगदी वेगळ्या वेगांनी माल जात होता. पडद्याच्या इवल्या पिशव्यांत भरलेला माल एक मीटर अंतर अडीच दिवसांत कापतो. अक्षतंतूचा सांगाडा ज्या प्रथिनांचा बनतो, ती दिवसाला मिलिमीटर किंवा त्याच्या मागेपुढे सरकतात. त्यांना तेवढ्याच अंतराला तीनेक वर्षे लागतात. द्रवाचा एकच प्रवाह असता तर हे शक्य नव्हते.

यातली जलद वाहतूक डोळ्यांना दिसली ती माकलामुळे. आपल्या कोकणच्या बाजारात नळ माकूल म्हणून मिळते, त्याच्या जातभाईला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर फार मान आहे. संकटात पाण्याचा फवारा मागे सोडून निसटण्यासाठी माकलाच्या अंगात एक जाडजूड अक्षतंतू असतो. त्याची जाडी एक मिलिमीटरपर्यंत भरते; माणसाच्या अक्षतंतूच्या शंभरपट. जे. झेड. यंग यांनी 1936 मध्ये त्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. हॉजकिन आणि हक्सली यांनी आवेगाची वीज याच तंतूत मोजली. टूथपेस्टची नळी दाबावी तसा हा तंतू दाबला की आतला ऐवज काचपट्टीवर येतो, आणि पेशीपासून तुटलेल्या त्या लगद्यात वाहतूक पुढे कित्येक तास चालू राहते. मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत 1980च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाला टीव्ही कॅमेरा जोडला आणि चित्रातला धूसरपणा इलेक्ट्रॉनिक्सने वजा केला. पडद्यावर जे दिसले त्याने पाहणारे थक्क झाले. बारीक बारीक कण रांगेने चालले होते, काही पुढे, काही मागे, आणि एकाच धाग्यावरून समोरासमोर येऊनही एकमेकांना ओलांडून जात होते.

रॉन व्हेल हा तरुण संशोधक तेव्हा स्टॅनफर्डला पीएच.डी. करत होता. मायकेल शीट्झ यांच्याबरोबर त्याला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच माकलावर काम करायचे होते. पण 1983च्या एल निन्योने समुद्र तापला आणि माकले तिथे मिळेनाशी झाली. म्हणून ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, वुड्स होलला गेले. तिथे त्यांनी माकलाच्या तंतूतला द्रव काचेवर पसरला आणि त्यावर सूक्ष्मनलिका, म्हणजे कणांच्या वाटेचे ते धागे, सोडल्या. नलिका काचेवरून सरपटू लागल्या. काचेला चिकटून बसलेले काहीतरी त्यांना ओढत होते. ते काय आहे, हे शोधता शोधता 1985 मध्ये एक नवे प्रथिन हाती लागले. ग्रीक भाषेत हालचालीला जो शब्द आहे त्यावरून त्याला किनेसिन म्हटले गेले.

किनेसिनपाशी या पुस्तकात मी बराच वेळ थांबले आहे, कारण थांबण्यासारखेच ते आहे. त्याची वाट म्हणजे 25 नॅनोमीटर जाडीची सूक्ष्मनलिका. ही नलिका ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनांच्या जोड्यांची बनते. बहुतेक नलिकांत अशा जोड्यांच्या तेरा रांगा गोलाकार उभ्या असतात. एका जोडीची लांबी 8 नॅनोमीटर. किनेसिनची दोन टोके या नलिकेवर आळीपाळीने पडतात. मागचे पुढे येते, मग दुसरे पुढे येते; प्रत्येक पावलागणिक माल बरोबर 8 नॅनोमीटर सरकतो आणि एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो. 1993 मध्ये कॅरेल स्वोबोडा, स्टीव्हन ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी लेसरच्या चिमट्यात मणी धरून ही पावले एकेक करून मोजली. किनेसिन सेकंदाला शंभरेक पावले टाकते. त्याला आपण हमाल म्हणू शकतो, पण मार्केट यार्डातल्या हमालाला जे सोसावे लागत नाही ते त्याला सोसावे लागते. भोवतालच्या पाण्याचे रेणू त्याला सगळीकडून सतत धडका देत असतात. त्या धक्क्यांत एक टोक घट्ट रोवलेले राहते, म्हणूनच तो वाहून जात नाही. शंभरेक पावलांनी, म्हणजे मायक्रोमीटरभर अंतरावर, त्याची पकड सुटते. म्हणून मालाला एकाच वेळी अनेक किनेसिने धरतात. एकाची सुटली तरी दुसऱ्याची असते. एक मीटरचा पल्ला म्हणजे साडेबारा कोटी पावले. माणसाच्या शरीरात किनेसिन कुळातल्या प्रथिनांची 45 जनुके आहेत. कोणते प्रथिन कोणता माल उचलते, याची वाटणी ठरलेली आहे.

परतीची वाहतूक डायनिन करते. पेशीवरच्या केसांसारख्या धाग्यांना हलवणारे प्रथिन म्हणून इयन गिबन्स यांनी ते 1960च्या दशकात ओळखले होते. तेच कुळ पेशीच्या आत उलट्या दिशेने माल ओढते, हे 1987 मध्ये रिचर्ड व्हॅली यांच्या गटाने दाखवले. परतीची ही वाट टाकाऊ माल आणण्यापुरती नाही. टोकाकडून बातमीही तिनेच येते. रिटा लेव्ही-मॉन्तालचिनी यांनी शोधलेला चेतावृद्धी घटक अक्षतंतूच्या टोकाला मिळतो. त्याचा निरोप डायनिनच्या पाठीवरून पेशीकायेत पोचतो तेव्हा पेशीला कळते की आपला हात योग्य जागी पोचला आहे आणि आपण जगायचे आहे.

दार उघडे असले की चोरही शिरतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातला रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेवरून नसेत शिरतो आणि याच परतीच्या वाहतुकीवर बसून मेंदूकडे निघतो. म्हणून चेहऱ्यावरचा चावा पायावरच्या चाव्याहून जास्त घाईचा. म्हणूनच जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि लस त्याच दिवशी सुरू करायची. विषाणू नसेत शिरण्याआधी आपल्याला त्याला गाठायचे असते. धनुर्वाताचे विषही याच वाटेने मज्जारज्जूपर्यंत चढते. नागिणीची वाट उलटी असते. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या चेतापेशींत दशकानुदशके दडून राहतो. मग कधीतरी अक्षतंतूने खाली उतरतो आणि त्या एका नसेच्या पट्ट्यातच त्वचेवर फोड उठतात. आपल्या घरांतली माणसे ज्या आजारांना नावानिशी ओळखतात, त्यांचे नकाशे या वाहतुकीनेच आखलेले आहेत.

संथ वाहतुकीचे कोडे बरीच वर्षे सुटले नव्हते. तिला चालवणारे वेगळे, सुस्त हमाल असतील का? 2000 साली लेई वांग आणि अँथनी ब्राउन यांनी चमकणाऱ्या खुणा लावून अक्षतंतूतले सांगाड्याचे धागे थेट पाहिले. धागे चालतात तेव्हा भरभर चालतात, पण फार कमी वेळ चालतात. उरलेला बहुतेक वेळ ते थांबलेले असतात. प्रत्येक गावाच्या स्थानकात शिरणारी एसटी आठवा. रस्त्यावर तिचा वेग थेट गाडीइतकाच असतो, उशीर थांब्यांनी होतो. भावाच्या करंगळीकडे वाढणाऱ्या अक्षतंतूला जे बांधकामाचे साहित्य हवे होते, ते बरेचसे अशाच गाडीने येत होते. आईच्या कॅलेंडरवरच्या इंचांचा वेग या गाडीच्या वेगाशी जुळतो.

वाट मोडली तर काय होते, हे आपल्या अंगणातली दोन झाडे सांगतात. कॅनडात 1950च्या दशकात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर सदाफुलीचा अर्क तपासत होते, कारण मधुमेहावर तिचा काढा घेण्याची चाल अनेक देशांत होती. आपल्याकडेही साखरेसाठी तिची पाने चावणारी माणसे आहेत. साखर काही उतरली नाही, पण प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि त्यातून कर्करोगावरची औषधे निघाली. सदाफुलीतलेच विन्क्रिस्टीन आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दिले जाते. ते ट्युब्युलिनला धरते आणि सूक्ष्मनलिका उभ्या राहू देत नाही. कर्करोगाच्या पेशीला विभाजनासाठी या नलिका लागतात, म्हणून ती मरते. चेतापेशी विभाजित होत नाही. पण तिची वाट त्याच नलिकांची असते, म्हणून बऱ्या होत चाललेल्या मुलांच्या हातापायांना मुंग्या येतात, काहींचे पाऊल लोंबते. पावसाळ्यात कुंपणावर लालपिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी अशीच आहे. तिच्या कंदात कोल्चिसिन असते. तेही ट्युब्युलिनला धरते, आणि कोल्चिसिनने अक्षतंतूतली वाहतूक थांबते हे 1969 मध्येच दाखवले गेले. सूक्ष्मनलिका हीच वाट आहे, याचा तो सुरुवातीचा भक्कम पुरावा होता.

नसांच्या अशा आजारांतली एक गोष्ट सारखी दिसते. सुरुवात टोकापासून होते. मधुमेहात आधी पायाची बोटे बधिर होतात, मग पाऊल, मग घोटा, जणू कोणी हळूहळू मोजे चढवत आहे. हात नंतर येतात. मधुमेहात नसांना इजा होण्याची कारणे अनेक आहेत, पण सर्वांत लांबचे टोक आधी जाते, यातून धाग्याची लांबी हीच त्याची नाजूक बाजू असल्याचे कळते. हमालांच्या जनुकांत दोष असेल तर हे आणखी उघड होते. केआयएफ5ए या किनेसिनच्या जनुकातल्या बदलांनी पाय ताठरणारा एक आनुवंशिक आजार होतो. त्याच जनुकातले काही बदल एएलएस या हालचालीच्या चेतापेशी नष्ट करणाऱ्या आजाराला कारण ठरतात, हे 2018 मध्ये कळले. जनुक शरीरभर आहे, पण आजार दिसतो तो जिथे वाट लांब आहे तिथे.

या विषयावरचे उत्तम काम आपल्याजवळ होते आहे, हेही मराठी वाचकाला ठाऊक असावे. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीत ही वाहतूक पाहते. या कृमीला अवघ्या 302 चेतापेशी असतात आणि जिवंतपणीच त्यांच्या आत डोकावता येते. निरोगी अक्षतंतूतही ठरावीक जागी पिशव्यांची कोंडी होते आणि सुटते, हे या गटाने दाखवले. रूप मल्लिक यांनी आधी टीआयएफआरमध्ये आणि नंतर आयआयटी मुंबईत लेसरच्या चिमट्यांनी डायनिनचे बळ मोजले. एकटे डायनिन दुबळे असते, पण अनेक डायनिने मिळून ओझे नीट वाटून घेतात, हे त्यांच्या कामातून पुढे आले.

शब्दांविषयी थोडे सांगायला हवे. रोजच्या बोलण्यात आपण रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो आणि 'कंबरेत शीर दबली' म्हणतो तेव्हा चेतातंतूलाही शीर म्हणतो. रुग्णाशी बोलताना हे चालते, पुस्तकात चालत नाही. म्हणून पेशीला चेतापेशी, तिच्या लांब धाग्याला अक्षतंतू हे शाळेच्या पुस्तकातले शब्द मी घेतले आहेत, आणि अनेक अक्षतंतूंच्या जुडीला नस म्हटले आहे. किनेसिन, डायनिन, ट्युब्युलिन ही नावे तशीच ठेवली. त्यांचे संस्कृत अवतार घडवून वाचकाच्या वाटेत आणखी एक कोंडी करण्याची माझी इच्छा नव्हती.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात वाट, दुसऱ्यात हमाल, तिसऱ्यात माल, आणि चौथ्यात वाट अडते तेव्हाचे आजार. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडेल. पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे होती ती कॅलेंडरपुढे मोजपट्टी घेऊन उभी असलेली बाई. तिचे शिक्षण सातवीपर्यंतचे होते आणि तिचा प्रश्न माझ्या पाठ्यपुस्तकापेक्षा नेमका होता. असे प्रश्न पडणाऱ्या प्रत्येकाला हे पुस्तक वाचता यावे, एवढी काळजी मी घेतली आहे.

भावाच्या करंगळीत दहाव्या महिन्यात जाण परतली. आईने त्या दिवशी शेवटचा आकडा लिहिला आणि मोजपट्टी उचलून ठेवली. तिला वाटले, काम झाले. आज ती असती तर मी तिला सांगितले असते की ते काम अजून चालूच आहे. भावाच्या करंगळीच्या टोकाला आज जो माल उतरतो आहे, तो मानेच्या मणक्यांपासून परवा निघालेला आहे. उद्या तिथे लागणारा माल आत्ता खांद्यावरून उतरून कोपराकडे चालला असेल, आठ आठ नॅनोमीटरच्या पावलांनी.